मुसळीच्या आतली बुरशी कोणाच्या खात्यात?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी नंदुरबार जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. आता निवृत्त आहे, म्हणजे वेळ भरपूर.

गेल्या वर्षी दिवाळीच्या बऱ्याच आधी धडगावच्या बाजारात एका पावरा आजीकडून सफेद मुसळी घेतली. पोत्यावर बोटभर लांबीची मुळं, माती अजून ओली, वरची पानं हिरवीगार. "एवढ्या लवकर का खणली?" विचारलं, तर म्हणाली, "मी नाही खणली तर दुसरा खणंल. शेठ ओलीच घेतो."

जुन्या कॉलेजात ओळखीने जागा मिळते. मूळ धुतलं, स्पिरिट आणि हायपोक्लोराइटमध्ये बुडवून बाहेरचे जंतू मारले, चकत्या कापून बटाट्याच्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, ठेवल्या. शेवटच्या धुण्याचं पाणी दुसऱ्या प्लेटवर ओतलं. पाचव्या दिवशी चकत्यांच्या कापलेल्या कडेतून कापसासारखी बुरशी वर आली. पाण्याची प्लेट स्वच्छच. म्हणजे बुरशी आतली. झाडाला न छळता आतच राहणारी, अंतर्वासी.

याचं कौतुक का? 1993 मध्ये अमेरिकेत यू झाडाच्या सालीतली एक बुरशी टॅक्सॉल बनवते असं जाहीर झालं, तेच कर्करोगावरचं औषध; पुढे त्यावर वादही झाला. 2005 मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाच्या आतल्या बुरशीत कॅम्प्टोथेसिन दाखवलं, कर्करोगावरची औषधं ज्यापासून बनतात ते द्रव्य. त्याच नरक्याची लाकडं एव्हाना ट्रकांनी गेली होती. मुसळीतली सॅपोनिन्स, म्हणजे तिची औषधी द्रव्यं, बुरशीच बनवते, असं मी म्हणत नाही. तपासलेलं नाही. पण तपासायला मुसळी जंगलात उरली पाहिजे ना!

बुरशी काढून फ्रीजमध्ये ठेवली की झालं, असं आपले अधिकारी म्हणतील. तसं होत नाही. प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवली की अशा बुरश्या बरेचदा ते द्रव्य बनवायचंच सोडतात. माहेर सुटलं की गाणं विसरावं, तसं. म्हणून सातपुड्यातलं मुसळीचं बेट त्याच्या मातीसकट राहायला हवं.

2002 च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांत सूक्ष्मजीवही धरले आहेत. तरी मी चाळलेल्या एका गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत मुसळी होती, बेहडा होता, बुरशीला रकाना नव्हता. उद्या कुणी त्या बुरशीतून औषध काढलं, तर लाभातला वाटा त्या गावाने कशाच्या आधारावर मागायचा? नमुना कुठल्या पाड्यावरून उचलला, तेवढं तरी वहीत यावं.

आणि दंड आजीला लावू नका. गौण वनोपजावर तिचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केलाय. अंकुश ओली मुसळी घेणाऱ्यावर हवा: पानं पिवळी पडून गळायच्या आत खरेदी नाही. मुळं काढली की कोंब फुटणारा डोळ्याचा तुकडा पुन्हा मातीत पुरायचा, हे ग्रामसभा बघतील. त्यांना सांगावं लागत नाही, फक्त भाव पक्क्या मुसळीला मिळायला हवा.

पहिल्या पावसानंतर कोंब वर येतील. खरेदीचा आदेश त्याआधी निघावा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, जि. नंदुरबार