खुर्च्यांचं नाव काढणार नाही

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

परवा तू रागाने फोन ठेवलास. चूक माझी. ५ सप्टेंबरचा व्हिडिओ तू हौसेने पाठवलास आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, खुर्च्या कोणी उचलल्या? माई म्हणाली, पोराचं कौतुक करायचं सोडून हे काय? म्हणून पत्र लिहितोय. यात खुर्च्यांचं नाव काढणार नाही.

व्हिडिओ चार वेळा पाहिला. तात्यांना घरी बोलावून दाखवला. शिक्षक दिनी मास्तरांनी मागे बसायचं आणि शिपाई, क्लार्क, लॅबवाले, बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, ड्रायव्हर यांना पुढे बसवायचं, हे माझ्या नोकरीच्या चौतीस वर्षांत आमच्या शाळेत कोणाला सुचलं नाही. नववीतल्या त्या मुलीने चिठ्ठी वाचली ना, चक्कर आली तेव्हा मावशींनी आपल्या डब्यातली पेज पाजली म्हणून, तेव्हा माईने डोळ्यांना पदर लावला. टाळ्या सगळ्यांत जास्त बालरथवाल्याला. पोरांना बरोबर कळतं. पगारासाठी बालरथवाले संपावर गेले तेव्हा मोठ्या माणसांनी मात्र तोंडं वाकडी केली होती. असो.

पण त्या मावशींकडे तू नीट पाहिलंस का? खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्यात. मांडीवर नारळ, नजर सारखी घड्याळाकडे. हेडमास्तर बोलत असतानाच उठल्या आणि शाल अंगावर तशीच घेऊन टोल द्यायला गेल्या. तास संपला होता ना! तुम्हा कोणाच्या ते ध्यानात आलं नसेल. माझा तर इथे हात शिवशिवला.

त्याच्यापुढे व्हिडिओ संपतो. म्हणून विचारलं मी. शंभरेक खुर्च्या तरी असतील.

२०२३ साली माझा निरोप झाला तेव्हा तू बी.एड.च्या परीक्षेत होतास. शाल, श्रीफळ, पाकीट, तिघांची भाषणं. हॉल रिकामा झाला आणि मी सवयीने खुर्च्या एकीवर एक चढवायला लागलो. शाल सारखी घसरायची, ती कमरेला बांधली. चार रांगा झाल्यावर आठवलं, अरे, आज निरोप आपलाच! मग उरलेल्याही उचलल्या, अर्धवट कशा टाकायच्या? कोणी वाईट वागलं नाही रे. सगळे चहाला गेले होते, इतकंच. माईला हे ठाऊक नाही. तूही सांगू नकोस.

तेव्हा मुलांना कार्डं करायला लाव, गुलाब द्यायला लाव, पण बाक लावणं, फळा पुसणं, भाजी-पावाचे कागद गोळा करणं हेही लाव. सत्काराच्या दिवशी टोल एखाद्या दहावीतल्या पोराला देऊ दे. स्टाफरूममधला तुझा ग्लास तू विसळ. मावशींना हाक मारताना टेबलावरून ओरडू नको, उठून जा. आणि त्यांचं नाव... बघ, लागलो शिकवायला. तू मास्तर, मी शिपाई, आणि वर्ग मी घेतोय. राग मानू नको.

एक आठवतं. तू पाचवीला आमच्या हायस्कुलात आलास तेव्हा मीच तुला बजावलं होतं, शाळेत बाबा म्हणायचं नाही, बाकीची मुलं म्हणतात तसं काका म्हण. तुला बरं पडेल असं वाटलं. सहा वर्षं तू पाळलंस. एकदा मैदानावर गुडघा फोडून आलास. मी औषध लावत होतो आणि तू रडत म्हणालास, "काका, हळू." ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं रे तेव्हा. मी 'बाबा म्हण' असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बाटलीचं बूच लावलं आणि तुला वर्गात पाठवलं.

आता तुला सगळे सर म्हणतात. बाजारात मी ते नको तिथेही सांगतो, माई चिडते. पण चहा टेबलावर यायची सवय माणसाला फार लवकर लागते, हे मी चहा नेऊन नेऊन पाहिलंय. तुझ्याबद्दल म्हणत नाही. म्हणतो असंही नाही.

चवथीला, गणपतीला घरी येताना करमल घाटात बाइक नको. पाऊस आहे, वळणं तुला माहीत आहेत. काणकोणच्या चावडीहून कदंबच्या बसने मडगावला ये, पुढचं बघू. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं फळं-पानांचं सामान यंदा आतेकडून आणायचं नाही, का ते तुला ठाऊक आहे. माझी ती शाल माईने आरतीला वाजवायचं घुमट गुंडाळायला काढली आहे, दमट हवेत चामडं सैल पडतं.

तुझा,
बाबा

ता. क. खुर्च्यांचं फोनवर सांगितलंस तरी चालेल. माई संध्याकाळी देवळात जाते, तेव्हा कर.