शब्दांच्या याद्यांऐवजी एक अवघड पुस्तक द्यावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत गेले काही महिने स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी ‘प्रगत इंग्रजी शब्द’ अशी एक चौकट प्रसिद्ध होत आहे. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या मुलांचा विचार एक मराठी दैनिक करते, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात ज्याची सारी नोकरी गेली, अशा मला त्या चौकटीच्या उपयोगाविषयी शंका आहे आणि ती जरा सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

आमच्या गावच्या अभ्यासिकेत ही चौकट कापून वहीत चिकटवलेली दिसते. डावीकडे शब्द, उजवीकडे एकाच शब्दात त्याचा अर्थ, आणि मुले ते पाढ्यासारखे घोकतात. त्यांतलाच एक मुलगा मला निबंध दाखवायला आला होता. कष्टाने संसार सावरणाऱ्या आपल्या वडिलांचे कौतुक करताना त्याने त्यांना ‘पॅरसिमोनियस’ म्हटले होते. यादीत त्या शब्दापुढे ‘काटकसरी’ असे छापलेले होते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्या एका शब्दात कवडीचुंबक माणूस दिसतो. दोष मुलाचा नव्हता. शब्द कोणाविषयी, कोणत्या सुरात आणि कोणत्या शब्दांच्या संगतीने वापरतात, हे यादीत मावतच नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. या याद्या प्रगत शब्द म्हणजे दुर्मीळ शब्द असे धरून चालतात. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सन 2000 मध्ये विद्यापीठीय लेखनातील शब्दांची जी मोजणी प्रसिद्ध केली, तीत अवघ्या 570 शब्दकुळांनी (शब्दकूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपे) अशा मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग व्यापलेला आढळला. त्यांत मिरवण्याजोगा शब्द शोधून सापडणार नाही. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘इन्फर’, ‘कन्स्टिट्यूट’ अशी ती मंडळी आहेत. आमची मुले नेमकी येथेच अडतात आणि अडलो आहोत हे त्यांना कळतही नाही, कारण हे शब्द ओळखीचे वाटतात. ‘हार्डली’ म्हणजे ‘जवळजवळ नाहीच’, पण त्याचा अर्थ ‘कष्टाने’ असा समजणारे पदवीधर मी पुष्कळ पाहिले आहेत. अशा वाचकाला वाक्याचा अर्थ नेमका उलटा लागतो. ‘कर्ज सँक्शन झाले’ हे गावात सर्वांना कळते, पण एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’, म्हणजे निर्बंध, लादले असे वाचले की मंजुरी लादायची कशी, या विचाराने तीच मुले गोंधळतात. ‘लेस्ट’ (असे होऊ नये म्हणून), ‘नॉटविथस्टँडिंग’ (असे असले तरी), ‘प्रोव्हायडेड दॅट’ (या अटीवर की) यांवर तर अख्खा युक्तिवाद तोललेला असतो, आणि घटनेचे एखादे कलम वाचायला घेतले की दुसऱ्या ओळीत त्यांची गाठ पडते.

हे शब्द येतात ते गंभीर वैचारिक गद्य सलग वाचून. येथे बहुतेक मार्गदर्शक इंग्रजी वृत्तपत्रांचे अग्रलेख वाचण्याचा सल्ला देतात. तो वाईट नाही, परंतु अग्रलेख आज चलनवाढीवर असतो आणि उद्या युक्रेनवर, त्यामुळे काल भेटलेला शब्द पुन्हा कधी भेटेल याचा भरवसा नसतो. एकाच लेखकाचे एकाच विषयावरचे पुस्तक घेतले, तर त्या विषयाचे शब्द प्रत्येक प्रकरणात नव्या वाक्यात, थोड्या वेगळ्या छटेने परत येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत कोश न उघडताही ओळख देऊ लागतात. शब्द अंगवळणी पडतो तो असा.

पुस्तक कोणते, या प्रश्नाला माझे उत्तर थोडे उलट्या बाजूने येते. ज्या विषयाची मराठीतून चांगली माहिती आहे, त्याच विषयावरचे अवघड इंग्रजी पुस्तक निवडावे. विषय आणि भाषा दोन्ही अनोळखी असतील तर वाचक दहाव्या पानावर हात टेकतो. उलट, न्यायमूर्ती रानडे यांचे मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील 1900 सालचे इंग्रजी पुस्तक उघडले, तर शिवकाल ठाऊक असलेल्या मुलाला कोण, कोठे, कधी हे सांगावे लागत नाही. त्याचे सारे लक्ष रानडे ते कसे मांडतात याकडे राहते. त्या पुस्तकात जमीन कशी तयार झाली, बी कसे पेरले गेले, ते कसे तरारले, अशीच प्रकरणांची नावे आहेत. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ तर मराठी वाचकासाठी पर्वणीच आहे, कारण मराठी लेखनानंतर बाईंनी स्वतःच ते इंग्रजीत आणले. कुंतीवरचा लेख आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचावा. कोणते शब्द विचारायचे आहेत ते आपोआप कळते. दादाभाई नौरोजींच्या भारताच्या दारिद्र्यावरील 1901 च्या ग्रंथाच्या वाटेला मात्र पहिल्याच वर्षी कोणी जाऊ नये. ग्रंथ थोर आहे, पण आकड्यांच्या तक्त्यांनी भरलेला आहे आणि त्यात उमेद खचते.

माझी पहिली पसंती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाला आहे. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले त्यांचे खंड आपल्याकडच्या पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी ते जयंतीच्या दिवशी पुसून पुन्हा कपाटात जातात. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी संविधान सभेत केलेले भाषण तेराव्या खंडात आहे. घटनात्मक नीतिमत्ता ही उपजत भावना नव्हे, ती ‘कल्टिव्हेट’ करावी लागते, असे सांगून ते पुढे म्हणतात की भारतातील लोकशाही ही मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या ‘सॉइल’वरचे केवळ ‘टॉप-ड्रेसिंग’ आहे. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हा शेवटचा शब्द बहुधा शोधावा लागेल. उसाला किंवा गव्हाला युरियाचे वरखत टाकलेल्या मुलाला तो शेतातूनच ठाऊक आहे. पेरणीपूर्वी जमिनीत मिसळलेले खत वेगळे आणि वरून फेकलेले वेगळे, हे त्याला शिकवावे लागत नाही. मग ‘कल्टिव्हेट’, ‘सॉइल’ आणि ‘टॉप-ड्रेसिंग’ हे तिन्ही शब्द एकाच रानातून आणले आहेत, हे त्याच्या ध्यानात येते आणि ‘कल्टिव्हेट’ हा शब्द भावना, सवय, मैत्री यांनाही का लागतो हे उलगडते. त्याच ओघात ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट याचा उतारा येतो आणि ‘डिफ्यूजन’ हा विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द समाजात पसरणाऱ्या विचाराला लावलेला दिसतो. दीड पानाच्या मजकुरातून एवढे हाती लागते. ज्यांना आधी लहान काही हवे असेल त्यांनी 1943 साली पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर त्यांनी दिलेले व्याख्यान घ्यावे.

अवघड म्हणजे किती अवघड, याला मात्र मर्यादा आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार कोशाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातील सुमारे 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानाचा हिशेब केला तर सहा. हाताशी कोश आणि मनाशी चिकाटी असेल तर पानाला पंधरापर्यंत निभावते, त्यापुढे वाचन राहत नाही, नुसता उलगडा उरतो. ही जाण नवी नाही. भारतीय शिक्षण सेवेतील मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात शिकवताना बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्याआधी इंग्रजी वाचता येणे अधिक गरजेचे आहे असे 1926 मध्ये आग्रहाने मांडले, आणि नवे शब्द विरळ पेरून ते पुन्हा पुन्हा येतील अशी क्रमिक पुस्तके रचली. आपल्या उपखंडातल्या वर्गांत निघालेला हा निष्कर्ष आपणच विसरलो आणि ‘फाडफाड’ बोलण्याच्या वर्गांपुढे रांगा लावल्या, हे जाता जाता नोंदवतो.

वाचण्याची रीत म्हणून मी विद्यार्थ्यांना एवढेच सांगत असे की परिच्छेद आधी न थांबता वाचून काढा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने ठिपका द्या आणि ज्यावाचून मुद्दाच कळत नाही किंवा जो तिसऱ्यांदा समोर आला, तोच शब्द कोशात पाहा. वहीत शब्द लिहू नका, त्याचे पूर्ण वाक्य उतरवा. प्रकरण संपल्यावर त्याचा सारांश पाच ओळींत मराठीत लिहा, कारण समजले की नुसते समजल्यासारखे वाटले, हे आपल्या भाषेत लिहिताना लपत नाही. काही दिवसांनी त्याच सारांशावरून पुस्तक न पाहता इंग्रजी लिहावे आणि मूळ मजकुराशी ताडून पाहावे. इंग्रजीच्या तासाला मराठी अर्थ सांगू नये हा दंडक मला कधीच पटला नाही. पहिला अर्थ मराठीतून कळला की इंग्रजी-इंग्रजी कोशातल्या छटा समजायला सोपे जाते.

बँकेच्या परीक्षेला दोन महिने उरले असतील आणि समानार्थी शब्दांचे पर्यायी प्रश्न सोडवायचे असतील, तर यादीच बरी, हे मान्य आहे. पण निबंध, मुलाखत आणि पुढे कार्यालयातली टिपणी यांची तयारी करणाऱ्याच्या हाती किमान वर्ष असते, आणि आपली पुरवणी त्यांच्यासाठीही आहे.

म्हणून विनंती अशी की या चौकटीच्या जागेत दर आठवड्याला एकाच इंग्रजी ग्रंथातला सुमारे दीडशे शब्दांचा सलग उतारा छापावा. दर आठवड्याला नवा ग्रंथ नको. वर्षभर एकच चालवावा, म्हणजे शब्द परत परत भेटतील. खाली पाच-सहा शब्दांचे अर्थ त्या वाक्यापुरते, मराठीत द्यावेत आणि शेवटी एक प्रश्न असा विचारावा की ज्याचे उत्तर उतारा समजल्याशिवाय देता येणार नाही. रानडे आणि आंबेडकर यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत संपलेली असल्याने परवानगीचा खर्चही नाही. उतारे निवडून शब्दार्थ तयार करण्याचे काम आमच्यासारख्या निवृत्तांकडून विनामूल्य करून घेता येईल, आणि त्यासाठी माझी तयारी आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी प्राध्यापक
(जि. सातारा)