पाखाडीचा खर्च दाखवा

आमच्या वाडीतली चिऱ्याची पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) मे महिन्यात उखडून तिथे काँक्रीट ओतले. मृगाच्या पहिल्या सरींतच कडा सुटल्या. (चिऱ्याला आजोबांच्या वेळेपासून काही झाले नव्हते, पण असो.) खर्च विचारायला नगर परिषदेत गेलो, तर 'साहेब मीटिंगला गेलेत.' माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक आणि खर्च कुणी मागण्याआधीच जाहीर करायचा असतो. कामाची पाहणी करण्याचा, वापरलेल्या मालाचे नमुने घेण्याचाही हक्क या कायद्यात आहे. १० रुपये भरून अर्ज देईन, ३० दिवस थांबेनही. पण ठेकेदार, रक्कम आणि दुरुस्तीची हमी किती वर्षांची, एवढे लिहिलेला फलक पाखाडीच्या तोंडाशी लावायला काय हरकत? गणपती याच वाटेने डोक्यावरून आणायचे आहेत.

– एक करदाता, जि. रत्नागिरी