बाई, कृपाचार्यांचा प्रश्न आमच्या वर्गात आणल्याबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी तुमची ताकीद, म्हणून नुसतं 'बाई'. रत्नागिरीच्या या किनाऱ्यावर तेवढ्यावरूनही माणसं ओळखतीलच.

नववीतल्या त्या मुलाचं सांगायला मी तुमच्याकडे आले, तेव्हा अगदी टेकीला आले होते. वडील हापूसच्या बागेत राखणीला, घरात नेपाळी, आणि पोराचं मराठी आपल्या मुलांसारखंच चोख. तरी वर्ग त्याला 'बहादूर' म्हणायचा. डबा खायला कुणी शेजारी बसायचं नाही. मी वर्गाला झापलं असतं, तर त्याच्याकडेच सगळ्यांची बोटं वळली असती. तुम्ही म्हणालात, "त्याचा विषयसुद्धा काढू नकोस. आदिपर्व काढ."

आणि निवृत्तीनंतर, गुडघे धरलेले असताना, शनिवारी वर्गावर येत राहिलात.

रंगभूमीचा प्रसंग तुम्ही किती सावकाश वाचलात! कर्ण अर्जुनाला आव्हान देतो आणि कृपाचार्य त्याला आई, बाप, कुळ विचारतात. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. तेवढ्यात त्याला वाढवणारा सारथी अधिरथ घामाघूम, काठी टेकत येतो, आणि कर्ण अभिषेकाने ओलं झालेलं मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो. ते पाहून भीम हसतो, 'तुझ्या हाती चाबूकच शोभतो' म्हणतो.

इथे आम्ही शिक्षक हमखास विचारतो, कर्णाला काय वाटलं असेल? तुम्ही ते विचारलंच नाहीत. ज्याचा अपमान झाला त्यानेच आपलं दुःख उघडं करावं आणि इतरांनी हळहळावं, हे तुम्हाला पटत नाही. तुमचा प्रश्न होता, "बाकीचे काय करत होते?" मग मुलं बोलायला लागली. कोण हसलं, कोण गप्प बसलं, कुणाला खरं ठाऊक होतं. कुंतीने तर त्याला ओळखलं होतं, ती मूर्च्छित पडली, पण बोलली नाही. त्यावर मुली फार चिडल्या. दुर्योधनाची मैत्री खरी की सोयीची, यावर तास संपला तरी भांडण चालूच. त्या दिवशी आपल्या मुलाने पहिल्यांदा हात वर केला, "पण सर्वांसमोर हात तर त्यानेच धरला ना, बाई?"

पुढे संत चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिचा अभंग घेतलात. 'देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म.' मी अर्थ सांगायला निघाले, तर तुम्ही मला खुणेनेच थांबवलंत. भंडारवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी अशी आपल्या वाड्यांची नावं का, इथवर मुलं आपली आपण पोचली. माझ्या अर्थाने ती तिथवर गेली नसती.

वर्ग पार बदलला असं मी म्हणणार नाही. काही जण अजून मागच्या बाकावर आपापलेच बसतात. 'बहादूर' मात्र बंद झालं. कबड्डीच्या संघाची यादी मुलांनीच केली, त्यात त्याचं नाव आडनावासकट आहे.

बाई, हे सगळं तुमच्यामुळे. मनापासून आभार.

आणि एक हट्ट. यंदा सहल गणपतीपुळ्याला जाईल, तेव्हा वाटेत मालगुंडला केशवसुतांच्या घरी थांबायचं ठरवलंय. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही त्यांची कविता तिथे वाचायची आहे, आणि ती तुम्हीच वाचायची. एसटीत पुढची जागा धरून ठेवते. तारीख तेवढी कळवा.

तुमची,
नववीची मराठीची शिक्षिका