बॅकअप लावून देणाऱ्या दादांचे आभार

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीतल्या दादांना,

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं दादा.

"बॅकअपसाठी कुठलं टूल, रेस्टिक घेऊ की डुप्लिकाटी?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही टूलचा विषयच बाजूला ठेवलात. म्हणालात, "ताई, आधी सांगा, किती मागे जायला लागतं?" करसल्लागाराला हे तोंडपाठ असतं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायचे. पण टॅलीतली, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली, परवाची एंट्री कुणी पुसली तर परवाचीच प्रत हवी. म्हणजे अलीकडचे दिवस दाट, जुने विरळ.

मग टूल ठरायला वेळ लागला नाही. बोर्ग नावाचं आणखी एक टूल विंडोजवर थेट चालत नाही, ते गळालं. फुल बॅकअपवर बदलांची साखळी चढवणाऱ्या टूलमध्ये मधली कडी खराब झाली की पुढचं सगळं लटकतं. रेस्टिक फाइलींचे तुकडे करून सारखा तुकडा एकदाच साठवतो, त्यामुळे कुठलाही जुना स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळची प्रत, काढला तरी बाकीचे शाबूत. रोजचे 14, आठवड्याचे 8, महिन्याचे 12 असं ठरलं. 'फरगेट' या कमांडने फक्त स्नॅपशॉटची नोंद जाते, डिस्कवरची जागा 'प्रून' केल्यावरच सुटते, हेही तेव्हाच कळलं.

पण खरे आभार मार्चसाठी. वर्षाचा एक ठेवायचा म्हणून मी रेस्टिकचा 'कीप-इयरली' पर्याय म्हटलं, तर तुम्ही जुन्या चलनाच्या पाठीवर बारा महिने लिहिलेत आणि डिसेंबरला गोल केलात. तो पर्याय कॅलेंडर वर्षातला शेवटचा स्नॅपशॉट धरतो. आमचं वर्ष संपतं 31 मार्चला, आणि बुक्स तर ऑडिट होईस्तोवर हलतच असतात. म्हणून ऑडिटनंतरच्या स्नॅपशॉटला वेगळा टॅग, आणि तो टॅग असलेले पुसले जाऊ नयेत म्हणून 'कीप-टॅग'ची ओळ. ही गोष्ट कॉम्प्युटरवाल्याने करसल्लागाराला सांगावी, म्हणजे कमालच!

टॅली उघडी असली तरी विंडोजची शॅडो कॉपी (उघड्या फाइलींची त्या क्षणाची प्रत) वापरून बॅकअप घेता येतो. तरी तुम्ही वेळ रात्रीचीच लावलीत, टॅली बंद झाल्यावरची. दुसरी डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. पासवर्ड कागदावर, बँकेच्या लॉकरमध्ये, कारण तो हरवला तर रेस्टिकचा डेटा उघडायला दुसरी वाट नाही.

आणि एवढं झाल्यावरही तुम्ही चहाला हात लावला नाहीत. अंबडच्या एका वर्कशॉपचा डेटा रिकाम्या लॅपटॉपवर रिस्टोअर करायला लावलात, टॅलीत उघडून ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) मला जुळवायला सांगितलात. पैशापैशाला जुळला. आता दर तिमाहीला एक वेगळा क्लायंट घेऊन मी हेच करते.

फी घेतली नाहीत. ठीक आहे. यंदाचं तुमचं रिटर्न मी भरणार, फॉर्म 16 आला की खाली पाठवून द्या.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची ताई