बकऱ्याचे हृदय टेबलावरून उचलू नका

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान प्रदर्शन होते. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नववीतल्या एका मुलीने स्टीलच्या ताटात बकऱ्याचे हृदय मांडले होते, शेजारी हाताने काढलेला तक्ता. तिच्या धाकट्या भावाच्या हृदयात जन्मतःच छिद्र होते, त्याचे ऑपरेशन झाले. ते छिद्र नेमके कुठे होते हे लोकांना कळावे म्हणून तिने दोन निलयांमधल्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्यात अगरबत्तीची काडी खोचून ठेवली होती. 'शाळेत मटण कशाला?' अशी एका पालकाने तक्रार केली आणि पाहुणे यायच्या आत ताट उचलले गेले. मी पोहोचले तेव्हा ती पोर रिकाम्या टेबलापाशी नुसता तक्ता धरून उभी होती. त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळते आहे.

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले. तक्रार करणाऱ्यांच्या मनात काय असते ते मला परके नाही. माझे वडील माळकरी. आमच्या घरात अंडेही शिजत नसे. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात हृदय उघडून दाखवले आणि घरी येऊन भीतभीत सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तू मारलंस का?" म्हटले, नाही, खाटकाकडून आणले. "मग आंघोळ कर आणि जेवायला बस."

त्यांच्या त्या प्रश्नाचे मोल मला चांगले ठाऊक होते, कारण त्याआधी मी मारलेले होते. बेळगावात बी.एस्सी. करताना पावसाळा लागला की भाताच्या खाचरांतले बेडूक पोत्यातून प्रयोगशाळेत यायचे. क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकायचे, हलायचे थांबले की मेणाच्या ट्रेमध्ये उताणे ठेवून चारी पायांना टाचण्या लावायच्या. माझ्या ट्रेमधल्या एका बेडकाने पोट उघडल्यावर पाय ओढला. क्लोरोफॉर्म कमी पडला होता. शेजारणीने माझा हात धरला, सरांनी तो ट्रे नेला, मी बाहेर जाऊन ओकले. त्या बेडकाकडून मी काय शिकले? बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, दोन अलिंदे (वरचे कप्पे) आणि एक निलय. परीक्षेत माणसाचे चार लिहायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली सूचना काढल्या आणि २०१४ साली प्राणीशास्त्राच्या अभ्यासक्रमातले विच्छेदन थांबवले, ते योग्यच झाले. शिकण्यासाठी जीव घेऊ नये, याबाबत माझे दुमत नाही.

पण खाटकाच्या दुकानातले हृदय हा वेगळा विषय आहे. ते बकरे आमच्यासाठी कापलेले नसते. आम्ही नेले नाही तर ते कुणाच्या तरी रश्श्यात जाणार असते.

आमच्या गावच्या खाटकाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावे लागे, कारण तो सवयीने हृदयाला उभी चीर देऊन टाकतो आणि वरच्या नळ्या छाटतो. "चिरू नको, नळ्या दोन बोटं लांब ठेव," एवढेच माझे मागणे. पुढे पुढे तोच विचारायचा, "बाई, उद्या पोरांस्नी दिल पाहिजे नव्हं?" पैसे त्याने क्वचितच घेतले. (दुकानात दिल म्हणजे हृदय आणि काळीज म्हणजे यकृत. दर वर्षी एखादे मूल विचारायचेच, "बाई, मग काळजाचा ठोका चुकतो म्हणजे काय चुकतं?" तो तास निम्मा त्यातच जायचा आणि मला त्याचे वाईट वाटत नसे.)

हृदय नळाखाली धुवायचे. मग महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या, तोंडात तांब्याने पाणी ओतायचे. आतल्या तीन छोट्या झडपा एकमेकींना चिकटतात आणि पाणी वरच्या वर थांबते. मुले वाकून बघत असतात, पाणी खाली का जात नाही म्हणून. त्यानंतर कापायचे. डाव्या निलयाची भिंत चिमटीत धरायला द्यायची, मग उजव्याची. डावी कितीतरी जाड. का, हे सांगावे लागत नाही, एखादी मुलगीच म्हणते, "डाव्यानं सगळ्या अंगाला ढकलायचं असतंय, उजव्यानं शेजारच्या फुप्फुसाला." झडपांना खालून धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या चिमट्याने ओढल्या की झडप ताणली जाते. मोबाइलच्या पडद्यावर हृदय फिरवून बघता येते, मीही दाखवते, पण ती दोरी किती चिवट आहे हे बोटालाच कळते. माझी एक विद्यार्थिनी पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गेली. तिथे सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून गेलेल्या आपल्या मुलांची पहिले सहा महिने काय दैना होते ते सीमाभागातल्या घराघरांत माहीत आहे. तिने फोन केला, "बाई, ट्रायकस्पिड म्हणाले, तेव्हा मला ती तीन पाकळ्यांची झडप दिसली."

ज्यांना नको त्यांच्यावर मी कधी सक्ती केली नाही. वर्गात जैन, लिंगायत, माळकरी घरची मुले असायचीच. ती शाडूचे हृदय करायची, किंवा दारात उभी राहून बघायची. आपल्या मुलाने हात लावू नये असे पालकाने म्हणावे, तो त्यांचा हक्क आहे. दुसऱ्याच्या मुलीचे ताट उचलायला लावणे हा हक्क नव्हे.

जनावर म्हणजे माणूस नव्हे, हेही त्याच तासाला शिकवता येते. रोमन काळातल्या गेलन या वैद्याला माणसाचे शरीर उघडायची मुभा नव्हती. त्याने माकडे, डुकरे, बैल चिरले आणि तेच माणसात आहे असे लिहिले. बैलांच्या मेंदूखालची रक्तवाहिन्यांची जाळी त्याने माणसालाही बहाल केली. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा म्हणाला. मुंडी साफ करणाऱ्या कुणालाही विचारा, बकऱ्याचा जबडा मधोमध दुभंगतो, माणसाचा नाही. दोन निलयांमधल्या पडद्यातून अदृश्य छिद्रांवाटे रक्त झिरपते, असेही त्याने लिहिले. सुमारे तेराशे वर्षे वैद्य तेच घोकत राहिले. १५४३ साली व्हेसेलियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने माणसांचे देह उघडून जबडा एकच असल्याचे दाखवले, आणि पडद्यात छिद्रे शोधूनही त्याला ती सापडली नाहीत. निरोगी माणसाच्या त्या पडद्यात छिद्र नसते. या मुलीच्या भावाला होते, म्हणून तर तो धापा टाकायचा. त्या अगरबत्तीच्या काडीत केवढा धडा होता!

डॉक्टर व्हायचे तर माणसाचाच देह लागतो. बैलहोंगलचे डॉ. महांतेश रामण्णावर यांनी २०१० साली बेळगावातच आपल्या वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केले. असा वारसा असलेल्या जिल्ह्यात पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटातल्या बकऱ्याच्या हृदयाची लाज वाटावी, याचे मला फार वाईट वाटते.

शाळांनी एवढे करावे. हृदय त्याच दिवशीचे ताजे आणावे, मुलांना हातमोजे द्यावेत, बाकी राहिलेले उघड्यावर न टाकता पुरावे, पालकांना आधी चिठ्ठी पाठवावी.

येत्या शनिवारी दुपारी त्या मुलीचे प्रदर्शन माझ्या घराच्या सोप्यात पुन्हा मांडले जाईल. खाटकाला न चिरलेले हृदय सांगून ठेवले आहे. मुख्याध्यापकांना आणि तक्रार करणाऱ्या पालकांनाही निरोप धाडला आहे. तिचा भाऊ येणार आहे, तक्ता तो धरणार म्हणतो.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव