येशू ख्रिश्चन कधी झाला?

प्रिय मनू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, आई, येशू ज्यू होता तर ख्रिश्चन कधी झाला, आणि मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते म्हणून नंतर सांगते म्हटलं. तर ऐक आता. फोनवर जमलंही नसतं, तू मधेमधे बोलतेस.

तो झालाच नाही गं. ज्यू जन्मला, ज्यू म्हणूनच मेला. आठव्या दिवशी सुंता, वल्हांडण सणाला जेरुसलेमची वारी, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात वाचन, सगळं घरच्या रीतीने. शिष्यही ज्यू, आणि भांडला तोही आपल्याच शास्त्र्यांशी. आणि तो धर्म तेव्हाच किती जुना होता बघ, अब्राहाम-मोशेच्या कथा बाजूला ठेवल्या तरी इजिप्तच्या मर्नेप्ता राजाच्या शिलालेखात इ.स.पू. १२०८ च्या आसपास 'इस्राएल' हे त्या लोकांचं नाव कोरलेलं सापडतं. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनवाल्यांनी जेरुसलेममधलं त्यांचं मंदिर पाडलं, माणसं धरून नेली, मग पर्शियाच्या सायरसने त्यांना परत जाऊ दिलं आणि त्यांनी मंदिर पुन्हा उभं केलं.

येशूच्या मागे कारभार कोणी पाहिला म्हटलं की सगळे पेत्राचं, त्याच्या मुख्य शिष्याचं, नाव घेतात. पण जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसलेला मुख्य माणूस याकोब, येशूचा भाऊ (बारा शिष्यांत याकोब नावाचे आणखी होते, त्यात गोंधळू नकोस). मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याला कुणी विचारतच नाही. जुनी आख्यायिका आहे की मंदिरात गुडघे टेकून प्रार्थना करून करून त्याचे गुडघे उंटासारखे घट्टे पडलेले झाले होते. म्हणजे भाऊ गेल्यावरही हा मंदिरातच जातोय, नवा धर्म काढलाय असं त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

मग आला पौल. तार्ससचा, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातला, तंबू शिवणारा, कडक परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाचा, आधी याच लोकांना छळणारा. येशूबरोबर हा कधी फिरलेला नाही, आणि गंमत म्हणजे आज ख्रिश्चनांचं सगळ्यात जुनं लिखाण म्हणजे याचीच पत्रं, येशूची कथा सांगणारी शुभवर्तमानं त्याच्या नंतरची. त्याचं म्हणणं, ज्यू नसलेले लोक येतायत तर येऊ द्या, सुंतेची अट कशाला? त्यावर साधारण इ.स. ४९ ला जेरुसलेममध्ये बैठक झाली आणि याकोबानेच तोडगा काढला की सुंता नको, पण मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि व्यभिचार एवढं टाळा.

पण कागदावर ठरतं ते पंगतीत टिकतं का? अंत्युखिया शहरात पेत्र आधी त्या ज्यू नसलेल्या लोकांबरोबर मजेत जेवायचा, याकोबाकडची माणसं आली तसा हळूच उठून बाजूला बसायला लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि वर गलतीकरांना धाडलेल्या पत्रात लिहूनही ठेवलं. हे वाचलं की मला माझी आजी आठवते. अलिबागला आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, काकू होत्या, शनवार तेली म्हणायचे त्यांच्या लोकांना, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून. आजीचं त्यांच्याशी इतकं गूळपीठ, पण आयुष्यात त्यांच्याकडे घोटभर चहा घेतला नाही. मी मात्र त्यांच्या मलिद्यातले (तो त्यांचा प्रार्थनेचा नैवेद्य) गूळखोबऱ्याचे पोहे खाऊन यायचे, आणि आजीला ते माहीत होतं!

इ.स. ६२ मध्ये अनानस नावाच्या प्रमुख याजकाने याकोबाला दगडमार करून मारवलं. जोसेफस हा ज्यू इतिहासकार लिहितो की गावातल्या नियमाच्या पक्क्या लोकांनाच ते खटकलं, तक्रारी वरपर्यंत गेल्या आणि अनानसचं पद गेलं. म्हणजे याकोबासाठी बोलले ते ज्यूच. आठ वर्षांनी, ७० मध्ये, रोमन सेनापती टायटसने मंदिरच जाळलं. योहानान बेन झक्काई नावाच्या गुरूला शिष्यांनी म्हणे शवपेटीत घालून जेरुसलेमच्या वेढ्यातून बाहेर काढलं आणि त्याने याव्ने गावी पाठशाळा काढली. मंदिर नाही, बळी नाहीत, याजक बिनकामाचे, तर मग शास्त्र शिकायचं आणि घरातलं जेवणाचं टेबलच वेदीसारखं मानायचं, असं पुढचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शिकवत गेले. तिकडे पौलाच्या बाजूचे लोक भराभर वाढले आणि याकोबाची मंडळी मधल्यामधे राहिली, हळूहळू दोन्हीकडून परकी झाली. कुठल्या एका दिवशी फाटलं असं नाही सांगता येणार, त्याला पुढे कितीतरी पिढ्या गेल्या.

बाकी, लॅबमधल्या त्या ज्यू मैत्रिणीने शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवायला बोलावलंय म्हणालीस ना, नक्की जा, वेळेवर जा, सूर्य मावळायच्या आत. फळं ने. तू जे सोमवारी मला विचारत होतीस ते कोलंबीचं लोणचं मात्र चुकूनही नेऊ नकोस, त्यांना चालत नाही.

तुझी आई